संत्र्याचा एमआरआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसांना एमआरआयसाठी तारीख मिळत नाही आणि तुम्ही संत्री कसली स्कॅन करता, हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागलाय की शेवटी सगळी उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे : बागायतदार, उद्यानविद्येचे विद्यार्थी आणि माझे नातेवाईक. उत्तरं तिघांनाही चालतील अशी ठेवली आहेत.

कापून बघितलं की झालं ना! एमआरआय कशाला?

बऱ्याचदा खरंच कापून बघितलं की झालं. रस आहे का, बिया किती, साल किती जाड, एवढंच हवं असेल तर सुरी पुरे.

पण सुरी एका वेळी एकच पातळी दाखवते. मोसंबीच्या देठाजवळच्या दोन फोडी कोरड्या असल्या आणि तुम्ही फळ मधोमध आडवं कापलं, तर तुम्हाला रसरशीत चकती दिसेल आणि तुम्ही वहीत ‘फळ उत्तम’ असं लिहून मोकळे व्हाल. शिवाय कापताना रस सुटतो, आतली पोकळी दबते, साल आणि फोडी यांच्यातली फट किती होती ते कळत नाही. एमआरआयमध्ये फळ देठापासून बुडापर्यंत पातळ पातळ चकत्यांत बघता येतं, हव्या त्या दिशेने, आणि बघून झाल्यावरही फळ अखंडच असतं.

मशीनला नेमकं काय दिसतं?

पाणी. अजून नेमकं सांगायचं तर पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन. ताकदवान चुंबकात ठेवल्यावर ही केंद्रकं एका ठरावीक वारंवारितेला प्रतिसाद देतात : १ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) चुंबकात ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे दवाखान्यातल्या १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे ६४ आणि ३ टेस्लाच्या मशीनमध्ये सुमारे १२८. एफएम रेडिओचा पट्टा या दोन आकड्यांच्या मधे येतो. म्हणूनच एमआरआयच्या खोलीला तांब्याच्या पत्र्याची चिलखतं चढवतात, नाहीतर चित्रात बाहेरचे सिग्नल घुसतात.

आता सगळं पाणी एकाच वारंवारितेला बोललं तर कुठलं पाणी कुठे आहे ते कसं कळणार? त्यासाठी चुंबकीय क्षेत्र मुद्दाम एका बाजूला किंचित कमी, दुसऱ्या बाजूला किंचित जास्त करतात. मग जागा बदलली की वारंवारिता बदलते आणि वारंवारितेवरून जागा शोधता येते. ही युक्ती अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली. त्यांचं पहिलं चित्र पाणी भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं होतं. २००३ मध्ये त्यांना आणि ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

संत्रं हे या यंत्रासाठी जणू मागवून घेतलेलं फळ आहे. आत भरपूर पाणी, तेही हजारो पिशव्यांत नीट वाटलेलं. बाहेर हवेने भरलेला स्पंजासारखा पांढरा गर. आणि सालीत तेलाच्या ग्रंथी. तिन्ही ठिकाणचे प्रोटॉन वेगळं वागतात, त्यामुळे रंग न घालताच चित्र उठावदार येतं.

टी-१, टी-२ म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

रेडिओलहरींनी धक्का दिल्यावर प्रोटॉन पुन्हा मूळ स्थितीला यायला जो वेळ घेतात तो टी-१. धक्क्यानंतर सगळे प्रोटॉन एका तालात फिरत असतात. तो ताल बिघडायला लागणारा वेळ म्हणजे टी-२. लेझीमचं पथक डोळ्यांपुढे आणा. हलगी थांबल्यावर मुलं किती वेळ एका तालात राहतात, तो टी-२. मैदान मोकळं असेल तर बराच वेळ राहतात. गर्दीत धक्काबुक्की झाली की लगेच ताल सुटतो.

रसाच्या पिशवीतलं पाणी मोकळ्या मैदानात असतं, त्याचा टी-२ लांब, शेकडो मिलिसेकंदांचा. पांढऱ्या गरात पेशींच्या भिंती आणि हवेच्या फटी यांची दाटी, तिथला टी-२ खूपच आखूड. म्हणून टी-२ वर भर दिलेल्या चित्रात फोडी पांढऱ्याशुभ्र आणि प्रत्यक्षातला पांढरा गर काळपट दिसतो. पहिल्यांदा बघणारा इथे हमखास गोंधळतो.

फळ वाढताना आत काय घडतं?

हा खरा मुद्दा, म्हणून जरा सविस्तर.

लिंबूवर्गीय फळाची वाढ तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पेशींची संख्या वाढते, आकार फारसा वाढत नाही. दुसऱ्यात त्या पेशी पाणी घेऊन फुगतात आणि फळ झपाट्याने मोठं होतं. तिसऱ्यात वाढ मंदावते, आंबटपणा उतरतो, साखर चढते, सालीचा रंग पालटतो. आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या, नागपुरी संत्र्याचा विचार केला तर फुलापासून तोडणीपर्यंत हा प्रवास आठ-नऊ महिन्यांचा आहे.

पहिल्या टप्प्यातलं, गोटीएवढं फळ स्कॅन केलं तर धक्का बसतो. त्यात फळ कमी आणि सालच जास्त! जवळजवळ सगळा व्यास पांढऱ्या गराने व्यापलेला असतो आणि मधोमध इवलीशी फोडींची चांदणी. पण त्या चांदणीचे कप्पे मोजले तर दहा-अकरा भरतात, पुढे हातात येणाऱ्या संत्र्यात असतात तेवढेच. फोडींची संख्या फुलातच ठरलेली असते. खत-पाण्याने फोड मोठी होईल, फोडी वाढणार नाहीत.

मग दुसरा टप्पा. रसाच्या पिशव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीतून बारीक केसांसारख्या निघतात आणि आतल्या बाजूला वाढत जातात. त्या फुगू लागल्या की पांढरा गर बाहेर ढकलला जाऊन ताणला जातो, पातळ होत जातो. एकामागून एक तारखांची चित्रं शेजारी ठेवली तर काळं कडं आक्रसत जाताना आणि आतली पांढरी चांदणी फुलासारखी उमलताना दिसते. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

एक बारकावा सांगायलाच हवा. फळातल्या शिरा सालीत, फोडींच्या मधल्या पडद्यांत आणि मधल्या दांड्यात असतात. रसाच्या पिशवीत एकही शीर जात नाही! पानात तयार झालेली साखर शिरेतून पडद्यापर्यंत येते आणि शेवटचा पल्ला, पिशवीच्या देठातून आतपर्यंत, पेशीपेशीतून झिरपत गाठते. विहिरीपासून शेताच्या बांधापर्यंत पाइपलाइन आहे आणि पुढे घागरीने पाणी न्यायचं, तसा हा कारभार. त्यामुळे एकाच फळात, एकाच फोडीत, शेजारशेजारच्या पिशव्या सारख्या भरतील याची खात्री नाही. रस काढून सरासरी मोजणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही. चित्रात तो दिसू शकतो.

तिसऱ्या टप्प्यात फोडींची वाढ थांबते, पण ढिल्या सालीच्या जातींत साल मात्र वाढतच राहते. मग साल आणि फोडी यांच्यात पोकळी पडते. बाहेरून फळ भरदार, हातात घेतलं की हलकं. वरुड-मोर्शीकडच्या कुठल्याही संत्र्याच्या व्यापाऱ्याला हे बोटाने दाबून कळतं. एमआरआयमध्ये ती पोकळी काळ्या कड्यासारखी येते आणि तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजता येते.

म्हणजे एकच फळ फुलापासून पिकेपर्यंत दर आठवड्याला स्कॅन करता येतं?

इथे बऱ्याच लेखांत आणि भाषणांत थोडी लबाडी होते. ‘फळाला इजा न करता’ हे वाक्य टाळ्या घेऊन जातं. पण स्कॅनसाठी फळ तोडलं की त्याची झाडावरची वाढ संपली! सुरी लावली नाही एवढंच. वाढीच्या अभ्यासापुरतं ते फळ मेलंच.

त्यामुळे बहुतेक अभ्यासांत प्रत्येक तारखेला त्याच झाडांवरची वेगवेगळी फळं तोडून आणतात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी सात्सुमा संत्र्याच्या वाढीवर केलेला, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या क्षेत्रात नेहमी आधाराला घेतला जातो. त्यात वाढत्या फळातल्या ऊतींचे टी-१, टी-२ सारखे आकडे प्रत्यक्ष मोजले होते. अशा पद्धतीत तुम्ही एका फळाची गोष्ट सांगत नसता, गटाची सांगत असता. ते चूक नाही. फक्त मग फळं पुरेशी घ्यावी लागतात, फांदी, दिशा, उन्हाची बाजू सगळं नोंदवावं लागतं, कारण एकाच झाडावरच्या दोन फळांतला फरक कधीकधी दोन आठवड्यांच्या वाढीपेक्षा जास्त असतो.

तोडणीनंतरच्या बदलांसाठी मात्र ‘तेच फळ पुन्हा पुन्हा’ हे शब्दशः खरं आहे. साठवणुकीत पाणी कसं उडतं, सड कुठून पसरते, कोरडेपणा वाढतो का, हे एकाच फळावर महिनाभर पाहता येतं.

झाडावर असतानाच स्कॅन करता येत नाही का?

येतं, पण चुंबक झाडाकडे न्यावं लागतं किंवा झाड चुंबकाकडे. कुंडीतलं लहान झाड रुंद तोंडाच्या चुंबकात ठेवणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे बागेत नेता येण्याजोगं कायमचुंबक. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात अशी उघड्यावर, जिवंत झाडावर वापरायची यंत्रं तयार झाली आहेत. त्यांची ताकद दवाखान्यातल्या चुंबकापेक्षा बरीच कमी, त्यामुळे चित्र ढोबळ येतं. शिवाय उन्हातान्हात कायमचुंबक तापलं की त्याचं क्षेत्र घसरतं आणि सगळं गणित हलतं. एप्रिल-मेच्या उन्हातलं विदर्भातलं काटोल-नरखेड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अडचण समजेल.

मोसंबीच्या फोडी कोरड्या का पडतात, हे एमआरआयने कळेल का?

‘का’ कळणार नाही. ‘कुठून आणि कधीपासून’ हे कळण्याची शक्यता आहे, आणि माझ्या मते या तंत्राची खरी किंमत तेवढ्यातच आहे.

या विकृतीला ग्रॅन्युलेशन म्हणतात. रसाच्या पिशव्या कडक, फिकट, बेचव होतात; पेशींच्या भिंती जाड होतात, आतला रस जेलीसारखा घट्ट होतो. सुरुवात बहुधा देठाकडून. मोठी फळं, तरुण जोमदार झाडं, उशिरा केलेली तोडणी या परिस्थितीत ती जास्त आढळते.

चित्रात पूर्ण कोरडा भाग ओळखणं सोपं आहे, तिथला सिग्नल पडलेला असतो. सुरुवातीची अवस्था अवघड. रस जेलीसारखा झाला की टी-२ आखूड व्हायला हवा; पण अशा पिशवीत साखर आणि आम्लही कमी झालेलं असतं, आणि त्याने टी-२ लांबतो. दोन बैल दोन दिशांना ओढताहेत असा प्रकार. म्हणून नुसत्या एका करड्या चित्रावरून ‘इथे कोरडेपणा सुरू झालाय’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्यांना दोन गोष्टी विचारा : जागोजागचा टी-२ मोजून त्याचा नकाशा काढला का, आणि स्कॅननंतर तेच फळ त्याच पातळीवर कापून ताडून पाहिलं का? होय, शेवटी सुरी लागतेच.

बिया दिसतात का?

छान दिसतात. चमकत्या फोडीत काळा थेंब, भोवती नेमकी कडा. बिनबियांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मँडरिनमध्ये (ढिल्या सालीच्या संत्र्यात) बिया निघतात का, हे चालत्या पट्ट्यावर एमआरआयने तपासण्याचे प्रयोग माद्रिदच्या संशोधकांनी केले आहेत. गारठ्याने आतून खराब झालेली संत्री ओळखण्याचेही केले. पट्टा हलता असल्याने चित्र फार वेगाने घ्यावं लागतं आणि हलल्यामुळे येणारा धूसरपणा गणिताने काढावा लागतो. काम होतं. खर्च परवडतो का, हा वेगळा प्रश्न.

दवाखान्यातल्या मशीनमध्ये फळ ठेवता येतं?

तांत्रिकदृष्ट्या अगदी सहज. गुडघ्याची किंवा मनगटाची कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारं वेटोळं, संत्र्याला बरी बसते. परवानगी, वेळ आणि टेक्निशियनचा मूड या तीन गोष्टी जमवाव्या लागतात, तेही रात्री शेवटचा पेशंट गेल्यावर.

माझ्या पहिल्याच रात्रीचा किस्सा सांगते. बारा फळं नेली होती, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. घरी बसून मोठ्या हौसेने त्या चिठ्ठ्या कागदी पट्टीला स्टेपल केल्या होत्या. बाहेरच्या तपासणीत किल्ल्या, मोबाइल, घड्याळ सगळं काढून ठेवलं, चिठ्ठ्यांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. पहिलं चित्र उमटलं आणि संत्र्याचा वरचा अर्धा भाग गायब! काळा खड्डा, भोवती वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेषा. मला वाटलं फळ आतून सडलंय. टेक्निशियन काका पडद्याकडे एकदा बघून म्हणाले, “मॅडम, तुमच्या संत्र्यात लोखंड आहे.” नखाएवढ्या पिनेने एवढा गोंधळ. त्यांनी मला जे सुनावलं ते योग्यच होतं. पिनेऐवजी एखादी जड वस्तू असती तर ती उडून कुणाला लागली असती. तेव्हापासून फळावर मार्कर पेनने नंबर. लोखंडी तार, पिन, जाळी, काही म्हणजे काही नाही.

फळं आणल्यावर लगेच स्कॅन करावी का?

करू नका. टी-१ आणि टी-२ दोन्ही तापमानाबरोबर बदलतात. शीतगृहातून काढलेलं फळ आणि बागेतून उन्हात आलेलं फळ यांचे आकडे जुळणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल जातीत फरक आहे! रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि त्या खोलीचं तापमान लिहून ठेवा. फळ कोरडं पुसा. देठाची बाजू नेहमी एकाच दिशेला ठेवा. नाहीतर महिन्याभराने दोनशे चित्रांसमोर बसल्यावर वर कुठलं आणि खाली कुठलं हे ओळखण्यात एक आठवडा जातो. शेजारी पाण्याने भरलेली प्लास्टिकची छोटी बाटली ठेवली तर दर वेळच्या सिग्नलची तुलना करायला आधार मिळतो.

गोडी मोजता येते?

थेट नाही. साखरेच्या रेणूवरचे काही प्रोटॉन भोवतालच्या पाण्याशी सतत अदलाबदल करतात आणि त्याचा परिणाम टी-२ वर होतो. पण आम्लता, तापमान, चुंबकाची ताकद, सगळ्यांचाच होतो. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा एक थेंब टाकून दहा सेकंदांत ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, मिळत असताना त्यासाठी एमआरआय करणं म्हणजे पानाच्या टपरीवर जायला विमान काढणं.

स्कॅन केलेलं संत्रं खाल्लं तर चालतं?

चालतं. एक्स-रेसारखे किरण इथे नसतात; चुंबक आणि रेडिओलहरी, बस्स. आम्ही उरलेली सगळी खातो.

मग सीटी स्कॅन का नको?

सीटीला घनता कळते. पोकळी, साल सुटणं, भेगा यांसाठी सीटी जलद आणि उत्तम. पाणी मोकळं आहे की जखडलेलं, हे त्याला कळत नाही. ते एमआरआयला कळतं. अल्ट्रासाउंड मात्र विसरा : पांढऱ्या गरातल्या हवेवरून ध्वनी परततो.

ग्रीनिंगचा रोग ओळखता येईल का?

ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांना जिवाणूंमुळे होणारा रोग. तो झालेल्या झाडाची फळं वाकडी वाढतात, मधला दांडा कमानीसारखा झुकतो, बिया खुरटतात. चित्रात हे सुरेख दिसतं. पण निदान पानांच्या पीसीआर तपासणीनेच (तीत रोगजंतूचा डीएनए शोधतात) करायचं. शंका असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कृषी विद्यापीठात नमुना द्या. स्कॅन सेंटरमध्ये जाऊ नका.

बागायतदाराला याचा काही उपयोग?

आज, थेट, नाही. फळगळ थांबणार नाही, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) जाणार नाही, मंडीत दर चढणार नाही. हे स्पष्ट सांगितलं की काही जण नाराज होतात, पण उगाच आशा लावण्यापेक्षा बरं.

उपयोग आडवाटेने आहे. समजा, कोरडेपणाची सुरुवात तोडणीच्या किती आधी होते हे वाढीच्या चित्रांवरून पक्कं झालं, तर पाणी किंवा अन्नद्रव्यं नेमकी कुठल्या आठवड्यात द्यायची याचे प्रयोग त्या बेताने आखता येतील. आज ते प्रयोग अंदाजाने आखले जातात आणि निकाल तोडणीनंतर फळ कापून बघतात, तोवर हंगाम संपलेला असतो.

मला विद्यार्थी म्हणून सुरुवात करायची आहे. कुठून करू?

आधी मशीनकडे जाऊ नका. एका झाडावरची फळं दर पंधरा दिवसांनी तोडा, आडवी आणि उभी कापा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. सालीची जाडी, फोडींचा व्यास, बियांची संख्या लिहा. असा एक पूर्ण बहार झाला की चित्रात काय शोधायचं ते डोळ्याला कळतं. त्यानंतर स्कॅनसाठी वेळ मागायला जा. आणि हो, जाताना टेक्निशियन काकांसाठी वेगळी पिशवी भरून संत्री न्या, स्टेपल न केलेली.